लहान इंजिनाचा हिवाळा

नवऱ्याची पँट कमरेत सैल झाली म्हणून शेजारपाजारी पेढे वाटणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर आता बघून घ्या. मी वाटले होते. भुसावळला, ऐन दिवाळीच्या तोंडावर. समोरच्या वहिनींनी दारातच विचारलं, "बाई, कसले हो पेढे?" मी म्हटलं, "ह्यांचं वजन उतरलं. आता आम्ही लहान वर्गात!" लोकांची पोरं वरच्या वर्गात गेली की लोक पेढे वाटतात, ही नवरा खालच्या वर्गात गेला म्हणून वाटते आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. पण पेढा त्यांनी घेतला. मी शाळेत गणित शिकवायची. गणिताच्या बाईला सहसा कुणी उलट विचारत नाही.

आता खरं सांगते. ते वजन माझ्या हुशारीने उतरलं नव्हतं. त्यांच्या पोटात दुखणं बसलं होतं, ते त्यांना आतून खात होतं, आणि मी बाहेर बसून त्याचा हिशेब मांडत होते, तोही आनंदाने. एवढी शिकलेली, एवढी चुरचुरीत बोलणारी बाई इतकी खुळी असू शकते, हे मी स्वतः केलं नसतं तर माझाही विश्वास बसला नसता.

हे सगळं आज वर आलं ते सईमुळे. सई म्हणजे माझ्या लेकीची लेक. अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकते. मी इथे धुळ्याला, देवपुरात लेकीकडे. कार्तिक लागलाय. पांझरेवरून येणारा वारा संध्याकाळी गालाला लागतो. खालच्या मजल्यावर कुणीतरी वांगी भाजतंय आणि त्या धुराने माझ्या डोळ्यांत पाणी आलंय, असं मी लेकीला सांगितलं. सईच्या कॉलेजात म्हणे पोरं प्लायवूडच्या चपट्या होड्या बनवतात, मागे इंजिन अडकवतात आणि तळ्यावर शर्यती लावतात. बाकीच्या आज्यांना नाती लोणच्याचा मसाला विचारतात. माझी विचारते, "आजी, इंजिन कुठलं घेऊ? आणि वर्ग कुठला?"

"आधी तुझं वजन सांग."

"आजी! मुलीला असं विचारतात का?"

"होडीच्या शर्यतीत पहिलं तेच विचारतात."

तिने सांगितलं. मग म्हणाली, "लहान वर्गासाठी तीन-चार किलो जास्त होतंय गं. पण ते मी उतरवते. रात्रीचं जेवण बंद केलं की झालं."

"थांब, भाजी करपतेय," म्हणत मी फोन ठेवला. गॅसवर काहीही नव्हतं.

भास्करराव, म्हणजे माझे यजमान, मूळचे पिंपळनेरचे. भुसावळला घराला लागूनच त्यांचं मोटारी आणि पंप दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस आडवा, रुंद, पोट पुढे आणि हसणं त्याच्याही पुढे. बाहेर शुद्ध मराठी बोलायचे, पण खूश झाले किंवा चिडले की अहिराणीत शिरायचे. त्यामुळे घरात बसून मला ऐकूनच कळायचं की गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं की बुडवून. एका वर्षी पुराच्या वेळी वापरायच्या सरकारी होड्यांची जुनी इंजिनं भंगारात निघाली. लिलावात ह्यांनी त्यातली काही उचलली. वर डोकं, खाली लांब पाय आणि पायाला पंखा, अशी ती होडीच्या मागच्या फळीला आवळायची इंजिनं. आमच्या ओसरीत ती भिंतीला टेकून उभी असायची, पाहुणे आल्यासारखी. मी शाळेतून आले की मला वाटायचं, कुणाला चहा विचारायचा राहिलाय.

मग भुसावळच्या वरच्या अंगाला, तापीवरच्या धरणाच्या अडलेल्या पाण्याचा जिथे फुगवटा पसरतो, तिथे हिवाळ्यात रविवारी शर्यती सुरू झाल्या. चार दुकानदार, दोन-तीन निवृत्त रेल्वेवाले, दोघे मासेमार भाऊ आणि सावद्याचे केळीवाले नाना. एवढीच ती दुनिया. होडी कसली, पातळ प्लायचा चपटा तुकडा तो. पुढे दोन खांदे, त्या खांद्यांवर आणि मागच्या पंख्यावर तेवढी पाण्याला शिवायची, बाकी सगळी वाऱ्यावर. चालवणाऱ्याने आत गुडघ्यावर बसायचं, छाती पुढे टाकायची. काठावरची माणसं तिला पापड म्हणायची. "भास्करभाऊचा पापड आला का?" "आला, पण भाजायचा राहिलाय." अशी आमची कीर्ती.

त्या हिवाळ्याचा वास मला अजून वेगळा काढता येतो. पेट्रोलात मिसळलेलं ऑइल जळतं तो गोडसर, डोक्यात जाणारा वास, त्याच्या मागून काठावर कपाशीच्या काड्यांवर भाजणाऱ्या वांग्यांचा. पाण्यावर सकाळी धुकं असायचं आणि धुक्यात परदेशी बदकं. पहिलं इंजिन सुरू झालं की ती सगळी एकदम उठायची, आमच्यावर रागावून पलीकडच्या काठाला जाऊन बसायची. मी शाल गुंडाळून, कानाला रुमाल बांधून, हातात स्टॉपवॉच घेऊन उभी. मीच स्वतःला मॅनेजर नेमलं होतं. एकदा मासेमारांपैकी धाकट्याने विचारलं, "बाई, तुम्हाला पोहता येतं का?" मी म्हटलं, "मॅनेजरला पोहता यायची गरज नसते."

वर्ग तीन होते. लहान वर्गात लहान इंजिन, तेही कंपनीने दिलं तसंच. आत कानस लावून घासाघीस करायची नाही, शर्यत झाल्यावर उघडून बघणार. मधल्यात मोठं इंजिन. आणि खुला वर्ग, तिथे हवं ते करा, हवं तेवढं पेट्रोल जाळा. नाना खुल्यातले. भास्करराव लोकांना इंजिन निवडून द्यायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. आवडलं म्हणून इंजिन घेऊ नये, ज्याचा सुटा भाग आपल्या बाजारात मिळतो ते घ्यावं. वर्ग असा घ्यावा की ज्यात सोबती आहेत. एकट्यानेच धावून पहिलं आलं तर घरी येऊन सांगायचं काय? आणि या सगळ्याच्या आधी आपण काट्यावर उभं राहावं. कारण लहान इंजिनावर जड माणूस बसला की होडी नाक वर करते, शेपूट पाण्यात ओढत घरघरत राहते. हलका बसला की ती पाण्यातून सुटते. सुटते त्या क्षणी आवाज बदलतो. घरघर थांबते आणि ताणलेल्या तारेसारखा एकच सूर लागतो. तो सूर ऐकण्यासाठी ही माणसं थंडीत भिजत होती, दुसरं काही नाही.

हा सूर आमच्या घरात कधी लागलाच नव्हता. ओसरीतलं सगळ्यात गुणी इंजिन होतं लहान वर्गाचं. एका ओढीत सुरू व्हायचं, जराही खोकायचं नाही. पण भास्कररावांच्या देहाला ते पुरायचं नाही. म्हणून ते मधल्या वर्गात, झिजलेल्या सिलिंडरच्या एका थकलेल्या इंजिनावर धावायचे आणि दर वर्षी शेवटून दुसरे यायचे. शेवटचा यायचा तो बहुतेक बंद पडलेला असायचा. लहान इंजिन ते दुसऱ्यांना द्यायचे आणि काठावर उभे राहून त्याचा सूर ऐकायचे. त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे बघवायचं नाही. दुसऱ्याच्या अंगावर आपला आवडता सदरा बघावा, तसे बघायचे.

आणि दसऱ्याच्या सुमारास त्यांची पँट सैल झाली.

मी वहीबिही काही काढली नाही, तोंडीच हिशेब केला. अजून एवढे किलो उतरले की होडी, इंजिन आणि माणूस मिळून लहान वर्गाच्या काट्याजवळ येतात. नियम असा होता की तिन्हींचं मिळून वजन ठरलेल्या आकड्याखाली जायचं नाही, नाहीतर लोक कागदाच्या होड्या करून त्यात पोरं बसवतील. पण त्या आकड्याला जितकं चिकटून राहाल तितकं चांगलं. मी म्हटलं, "अहो, लहान इंजिन काढा. या वर्षी ते तुमचं."

ते ओसरीत गेले. इंजिनाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुना हिसाबमा मी केळीना घड शे का?"

"घड परवडला. तो भाकरी मागत नाही."

त्या दिवसापासून त्यांच्या ताटातली एक भाकरी मी काढली. मग दुसरीतली अर्धी. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी म्हणजे त्यांचा जीव, वर मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याचं तेल. मला वाटलं होतं, भांडतील, रुसतील, दुकानातून परस्पर शेवभाजी खाऊन येतील. काही नाही. मी ताट ठेवायची, ते चार घास खायचे आणि म्हणायचे, "बस. पोट भरनं." मी मनात म्हणायची, काय बाई शिस्त आली ह्या माणसाला! वीस वर्षं संसार केला, पण शिस्त लावायला मी इंजिनाचीच वाट बघत होते जणू. आणि शाळेत शिक्षकांच्या खोलीत मिरवायची, "इच्छाशक्ती लागते हो. आमच्याकडे बघा."

इच्छाशक्ती! आज तो शब्द कुणी उच्चारला तरी मला खाली बघावंसं वाटतं.

मार्गशीर्षात एका रविवारी काठावर भरीत होतं. नानांच्या शेतातली हिरवी वांगी, कांद्याची पात, परातीत लाकडी मुसळाने ठेचलेलं भरीत, हातावर घेतलेल्या पुऱ्या. सगळे तुटून पडले. भास्करराव दोन घास खाऊन पाण्याकडे बघत बसले. नाना, आमच्या सगळ्यांत वयाने मोठा माणूस, माझ्यावर ओरडले, "ओ वहिनी, जेवू द्या की त्याले! भरताच्या दिवशी तरी!"

"नाना, तुमच्या खुल्या वर्गात ढेरी चालते. आमच्या वर्गात नाही."

सगळे हसले. भास्कररावही हसले. मला माझाच जोक इतका आवडला की घरी येऊन लेकीला पुन्हा सांगितला.

काटा नानांचा होता, केळीचे घड तोलायचा. तीन वासे उभे करून त्याला टांगलेला. शर्यत संपली की ओली होडी, ओलं इंजिन आणि ओला माणूस, सगळं एकदम त्यावर चढवायचं. पहिल्या वेळी मी म्हटलं होतं, "नाना, केळीला दांड्याचा कडता धरून वजन कापता तसं माझ्या नवऱ्याचं कापू नका." पौषात एका रविवारी नानांनी काटा दोनदा बघितला. तिसऱ्यांदाही बघितला. मग हळू म्हणाले, "वहिनी, भाऊ कमी भरले."

ठरलेल्या वजनाच्या खाली! त्या दिवशीचा आमचा नंबर गेला. आणि मी, मी टाळी वाजवली. म्हणजे आता वजन वाढवायला जागा झाली की! घरी येऊन जुन्या निळ्या साडीच्या पिशव्या शिवल्या, दुहेरी टाक्याच्या. तापीची वाळू चाळून, वाळवून त्यात भरली आणि त्या होडीत गुडघ्यांच्या पुढे बांधल्या. तुम्ही म्हणाल, बाई, वजन कमीच पडलं होतं तर भाकरी परत द्यायची ना! पण मी गणिताची बाई. वाळू आपल्याला हवी तिथे ठेवता येते, खाली, पुढे, घट्ट. माणसाचं पोट तसं ठेवता येत नाही. शर्यतीच्या दृष्टीने पोटापेक्षा वाळू बरी, हे अगदी बरोबर होतं. आजही कुणाला विचारा, बरोबरच सांगेल. म्हणून भाकरी तशीच कमी राहिली आणि पिशव्या वाढल्या. पुढच्या रविवारी एक आणखी, त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक. माझी वजाबाकी दर वेळी चोख यायची. हे वजा होणारं आहे काय, जातंय कुठे, हे मात्र मी विचारलं नाही. मुलांना मी नेहमी सांगायची, उत्तराखाली एकक लिहा, नुसता आकडा म्हणजे काहीच नाही. स्वतः मी नुसते आकडे लिहीत होते.

संक्रांतीच्या आधीची शेवटची शर्यत ते जिंकले.

त्या दिवशी तो सूर लागला. मी काठावरून ऐकला. धुकं नुकतं उठत होतं, पहिलं वळण घेताना होडी घरघरली, आणि मग सुटली. एकच लांब, ताणलेला सूर, पाण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. होडीच्या मागे पाण्याचा पांढरा पंखा आणि आत गुडघ्यावर वाकलेला माझा नवरा, इतका बारीक की लांबून मला तो लग्नातल्या फोटोतला वाटला. मी ओरडले, नाचले, स्टॉपवॉच बंद करायचं विसरले. होडी काठाला लागली तेव्हा त्यांना गुडघ्यावरून उठता येईना. मी म्हटलं, "काय म्हातारबा, गुडघे धरले का?" मासेमार भावांनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उचललं. थोरला माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, भाऊ पिसासारखे लागतात." मला वाटलं, कौतुक करतोय.

जळगावला डॉक्टरांकडे गेलो ते माघात, तेही उलट्या थांबेनात म्हणून. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, मग विचारलं, "जेवण कधीपासून कमी झालं?"

उत्तर येणाऱ्या विद्यार्थिनीसारखं मी पटकन सांगितलं, "दसऱ्यापासून. मीच कमी केलं."

"का?"

"त्यांना लहान वर्गात बसवायचं होतं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. भास्करराव त्या तपासणीच्या टेबलावर झोपल्या झोपल्या हसले. "होड्यांच्या शर्यती असतात, साहेब. बाई म्यानेजर शे आमनी."

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "दिवाळीच्या आधी आणलं असतंत तर," आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. दिवाळीच्या आधी मी काय करत होते ते तुम्हाला ठाऊक आहे.

नंतरचे दिवस मी लिहिणार नाही. चैत्रात फुगवट्याचं पाणी मागे सरलं, चिखलाला भेगा पडल्या, बदकं केव्हाच निघून गेली होती. आणि तेव्हाच भास्करराव गेले. तोवर मी रोज कळण्याची भाकरी थापत होते. पातळ, मऊ, तुपात कुस्करून. ते बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि एक घास तोंडात धरून ठेवायचे, माझ्यासाठी.

सईला मी तासाभराने परत फोन केला. आवाज नीट करून सांगितलं, "मधला वर्ग घे. जुनं इंजिन मिळालं तरी चालेल. पोटभर जेव आणि शेवटून दुसरी ये."

"आजी, पण लहान वर्गात माझा नंबर येऊ शकतो."

"येऊ शकतो. म्हणूनच सांगतेय."

पोरगी हुशार आहे, आजोबांवर गेलीय. मग म्हणाली, "बरं. पण तिथे माझ्यासोबत कोण असेल?" मी म्हटलं, "जड माणसं. चांगली असतात." ती हसली. मला वाटतं ऐकेल. नाही ऐकलं तर मी तिच्या आईला सांगणार आहे, आणि चुगली करायला मला या वयात लाज वाटत नाही.

एक गोष्ट तिला सांगितली नाही. कुणालाच सांगितलेली नव्हती, एकटी माझी सासू सोडून. तिला सगळे अक्का म्हणत. ती पिंपळनेरला धाकट्या लेकाकडे असायची. कडक बाई. आयुष्यभर मला "शाळानी बाई" म्हणत आली, आणि माझ्या भाकरीला कडेने भेग पडली की ती भेग सगळ्या गावाला दाखवत आली. तेरावं झालं, सगळे पांगले, अक्का मात्र राहिली. तोंडात काही घालत नव्हती, दोन वेळा नुसता चहा. मीही तशीच. दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसायचो, ती सुपात तूर निवडायची आणि मी तिच्या हातांकडे बघायची.

एका दुपारी माझ्याच्याने राहवेना. तिला सगळं सांगितलं. पेढे सांगितले, ताटातून काढलेली भाकरी सांगितली, वाळू सांगितली, टाळी वाजवलेली सांगितली. तुझ्या लेकाला मी उपाशी ठेवलं, अक्का, असं म्हटलं. मला वाटत होतं, तिने मला शिव्या द्याव्यात. त्या शिव्यांची मी आठवडाभर वाट बघत होते. दुसऱ्या कुणाकडून त्या चालणार नव्हत्या, ह्यांची आईच ती.

ती निवडतच राहिली. सुपातलं निवडून झालं, खडे बाजूला काढले, तूर डब्यात ओतली, झाकण लावलं. मग तिने माझ्याकडे बघितलं. तिचे शब्द तिच्या अहिराणीत, जसेच्या तसे देते; लिधी म्हणजे घेतली, उनी नही म्हणजे आली नाही:

"त्यानी भूकच मरी गयेल व्हती, पोरी. तू ताटमातली भाकर उचली लिधी म्हनीसन त्याले नको म्हनानी पाळी उनी नही. आते ऊठ. गॅस पेटाव. माले भूक लागनी."